कॅम्परव्हॅनने आइसलँड: तयारीपासून गाडी परत करेपर्यंत सगळं

आइसलँडला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेलं शोधतात, किमती बघतात आणि मग कुणीतरी सांगतं की अरे कॅम्परव्हॅन घ्या, स्वस्त पडेल. स्वस्त पडते हे खरंय, म्हणजे हॉटेल आणि भाड्याची कार अशी बेरीज केली तर पडते. पण माझ्या मते व्हॅन घ्यायचं खरं कारण पैसे नाहीत. या बेटावर हवामान कधी पलटेल सांगता येत नाही, आणि हॉटेलं आगाऊ बुक असली की वादळ असो नसो तुम्हाला त्या रात्री त्या गावात पोचावंच लागतं. व्हॅन असली की दक्षिणेला पाऊस लागला तर उत्तरेला वळता येतं, नाहीतर आहे तिथेच आणखी एक रात्र काढता येते. ही मोकळीक वापरायची असेल तरच व्हॅन घ्या. रोजचा मुक्काम, रोजचे किलोमीटर, सगळं आधीच घट्ट बांधून जाणार असाल तर हॉटेलच बरं.

आता एकेक गोष्ट क्रमाने घेऊ.

कधी जायचं आणि किती दिवस

पहिल्यांदा व्हॅनने जाणाऱ्याने मे अखेर ते सप्टेंबर मध्य याच्या बाहेर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात बऱ्याचशा कॅम्पसाईट बंद असतात, डिसेंबरात उजेड जेमतेम चार-पाच तास, रस्त्यावर बर्फ आणि वर वारा. त्यात उंच गाडी चालवणं हे सवयीच्या माणसाचं काम.

जूनच्या शेवटी रेक्याविकमध्ये सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या आसपास परत उगवतो, मधल्या वेळातही अंधार असा होतच नाही. फिरायला हे जबरदस्त, रात्री दहाला जेवून धबधबा बघायला जाता येतं आणि तिथे गर्दी नसते. पण झोपेसाठी डोळ्यांची पट्टी हवीच, व्हॅनच्या पडद्यांवर विसंबू नका. पफिन पक्षी बघायचे असतील तर ऑगस्टच्या मध्याआधी जा, त्यानंतर ते समुद्रात निघून जातात. नॉर्दर्न लाइट्स हवे असतील तर उलट, अंधार लागतो, म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून पुढे. दोन्ही एकाच ट्रिपमध्ये बसवायच्या नादात पडू नका. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात छान, गर्दी ओसरलेली, रात्री अंधार, रस्ते अजून उघडे आणि गवत पिवळं-तांबडं व्हायला लागलेलं. आणि ऑगस्टचा पहिला सोमवार तिथे सुट्टीचा असतो, त्या वीकेंडला अख्खा देश तंबू घेऊन बाहेर पडतो, तेव्हा कॅम्पसाईटवर जागेची मारामार होते, हे तारखा ठरवतानाच बघून ठेवा.

दिवसांचं म्हणाल तर बेटाला वळसा घालणारा रिंग रोड, म्हणजे रूट १, सव्वातेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. मॅपवर आकडा बघून लोकांना वाटतं पाच दिवसांत सहज होईल. होतो, पण मग तुम्ही फक्त गाडीच चालवत असता. पूर्ण फेरीला दहा-बारा दिवस ठेवा आणि त्यातले किमान दोन दिवस मुद्दाम रिकामे सोडा, त्यांच्यावर काहीही लिहू नका. ते वाऱ्यासाठी राखीव. आठवडाच हातात असेल तर फेरीचा हट्ट सोडा, दक्षिण किनारा योकुलसारलोन या हिमनदीच्या तळ्यापर्यंत आणि पश्चिमेचं स्नायफेल्सनेस हे द्वीपकल्प एवढंच करा, मन भरून होईल.

व्हिसा आणि लायसन्स

आइसलँड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी, नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिथलं रेसिडेन्स परमिट चालतं, पण यूकेत राहत असाल तर ते परमिट चालत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो, याची कल्पना बऱ्याच जणांना नसते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून लवकर हलवा. ३० हजार युरो कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स सक्तीचा.

व्हॅनवाल्यांची अडचण अशी की हॉटेलचं बुकिंग नसतं. मग व्हॅनचं पक्कं बुकिंग, पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं एखादं हॉटेल किंवा गेस्टहाउस, आणि कोणत्या रात्री साधारण कोणत्या कॅम्पसाईटवर असा तारीखवार एक पानी तक्ता, हे सगळं कव्हरिंग लेटरसोबत लावा. पहिल्या रात्रीचं हॉटेल तसंही घ्याच, भारतातून थेट विमान नाही, लंडन, फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी असं कुठूनतरी बदलून जावं लागतं आणि इतक्या प्रवासानंतर त्याच दिवशी उलट्या बाजूने व्हॅन चालवणं बरोबर नाही.

आपलं लायसन्स इंग्रजीत असेल तर तिथे वाचता येतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्याच. वर्षभर चालतं, काही भाड्याच्या कंपन्या त्याच्याशिवाय चावी देत नाहीत, आणि अपघात झाला तर विमेवाल्यांशी बोलताना कामी येतं. मोठ्या व्हॅनला चालकाचं वय २३ किंवा २५ पूर्ण असावं अशीही अट असते, बुकिंग करतानाच वाचा.

व्हॅन कुठली घ्यायची

तीन प्रकार धरा. छोटी, म्हणजे डिलिव्हरी व्हॅनच्या मागे गादी टाकलेली, दोन माणसांची, आत नीट बसताही येत नाही. मधली, फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर किंवा रेनो ट्रॅफिक या गाड्यांच्या मापाची, आत बसून चहा पिता येतो, काहींत तीन-चार जण झोपतात. आणि मोठी, फियाट डुकाटोसारखी उंच, आत उभं राहता येतं, कधी टॉयलेटही असतं. घरच्यांना मोठीचा मोह होतो, विशेषतः आई-बाबा सोबत असतील तर. पण गाडी जितकी उंच तितका वारा जास्त धरते, आणि या बेटावर वारा ही रोजची गोष्ट आहे. दोघांसाठी मधली, तीही कमी उंचीची, हा माझा सरळ सल्ला. आई-बाबा असतील तर मधली व्हॅन आणि अध्येमध्ये गेस्टहाउसच्या दोन-तीन रात्री असं करा.

ऑटोमॅटिक घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. गाड्या उजव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग डावीकडे, त्यात उजव्या हाताने गिअर टाकायची नवी सवय नको. रात्रीचा हीटर म्हणजे इंजिन बंद असताना चालणारा, डिझेलवर किंवा गॅसवर, तो आहे का हे विचारल्याशिवाय बुक करू नका, जुलैतही दिवसाचं तापमान १० ते १५ अंश असतं आणि रात्री त्याच्याही खाली जातं.

फोर बाय फोर लागतं का? रिंग रोडला नाही, २०१९ पासून तो अख्खा डांबरी आहे. ज्या रस्त्यांच्या नंबरआधी एफ लिहिलेलं असतं ते मधल्या डोंगराळ भागातले, तिथे कायद्याने फोर बाय फोरच लागतं, आणि हे रस्ते साधारण जूनच्या मध्यानंतर उघडतात. त्यात नद्या पार कराव्या लागतात, पूल नाहीत, आणि पाण्यात गाडी बंद पडली तर बहुतेक विमे पैसे देत नाहीत. लांडमान्नालॉइगर बघायचंय, थॉर्समोर्क बघायचंय तर उन्हाळ्यात उंच चाकांच्या बस जातात, व्हॅन खाली ठेवून बसने जा. थॉर्समोर्कच्या वाटेवर क्रॉसा नावाची नदी आहे, तिचं पात्र रोज बदलतं आणि चांगल्या जीपसुद्धा तिच्यात अडकल्यात.

विमा

मूळ भाड्यात साधा विमा असतो, त्यात नुकसानीचा मोठा हिस्सा तुमच्या अंगावर येतो. वरून घ्यायचे ते तीन. ग्रॅव्हल प्रोटेक्शन, म्हणजे समोरच्या गाडीने उडवलेली खडी काचेवर बसली तर, हे घ्याच. सँड अँड अ‍ॅश, म्हणजे वादळात काळी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते ते, दक्षिण किनाऱ्यावर जाणार म्हणजे घ्या. आणि अंगावर येणारा हिस्सा कमी करणारा सुपर कव्हर. एवढं सगळं घेतलं तरी वाऱ्याने उघडून मोडलेलं दार बहुतेक पॉलिसीत बसत नाही, गाडीच्या पोटाला लागलेला मारही नाही. किलोमीटरमागे वेगळं शुल्क आहे का, दुसरा चालक फुकट आहे का, हेही विचारून घ्या.

व्हॅन ताब्यात घेताना

अर्धा तास द्या, घाई करायची नाही. मोबाईलवर सलग एक व्हिडिओ काढा, चारही बाजू, टप, समोरची काच अगदी जवळून, रिम, आणि दाराच्या बिजागऱ्या. हीटर त्यांच्यासमोर लावून बघा, गरम हवा यायला पाच मिनिटं लागतात तोवर थांबा. गॅसची शेगडी पेटवा. स्टेपनी, जॅक कुठाय ते बघा. पेट्रोल की डिझेल ते झाकणावर वाचा आणि झाकणाचा फोटो काढा. पंपाच्या डिस्काउंटचा टॅग बहुतेक चावीलाच असतो, कुठल्या पंपाचा आहे ते विचारा.

वारा, आणि गाडी चालवणं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबण लावतोय.

तिथे वारा मीटर प्रति सेकंदमध्ये सांगतात. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२. व्हॅनसाठी माझा नियम असा की १५ च्या वर गेला की हळू आणि गरजेपुरतंच, २० च्या वर गेला की निघायचंच नाही, मग पुढचं बुकिंग काहीही असो. आणि फक्त सरासरी बघू नका, झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा, गाडी आडवी करतो तो झोत. डोंगराच्या पायथ्याशी हे झोत जास्त येतात, एयाफ्यात्ला डोंगरांखाली, स्काफ्ताफेट्लच्या आसपास, आणि पश्चिमेला बोर्गार्नेसजवळ. रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतात, त्यावर वाऱ्याचे ताजे आकडे दिसतात.

रोज सकाळी आणि रात्री झोपताना तीन गोष्टी बघायच्या, वेदुर डॉट आयएस हवामानासाठी, उमफेर्दिन डॉट आयएस रस्त्यांसाठी आणि सेफट्रॅव्हल डॉट आयएस इशाऱ्यांसाठी. पिवळा, केशरी, लाल असे इशारे असतात. केशरी आला की मुक्काम हलवू नका. रस्त्याची माहिती १७७७ वर फोन करूनही मिळते, इंग्रजीत बोलतात. अडचणीत ११२, त्यांचं अ‍ॅपही आहे, एक बटण दाबलं की तुमचं लोकेशन जातं. तुम्हाला सोडवायला येणारी बचाव पथकं स्वयंसेवकांची असतात, आपली कामं टाकून वादळात बाहेर पडतात आणि खर्चाचा मोठा भाग नववर्षाचे फटाके विकून उभा करतात. बंद रस्त्याच्या आडव्या खांबाला वळसा घालून जाणाऱ्या टुरिस्टसाठी या लोकांना रात्री बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही.

दार उघडायची पद्धत पहिल्याच दिवशी हाताला लावून घ्या. गाडी थांबवताना तोंड वाऱ्याकडे करा. गवत कुठे झुकतंय, झेंडा कुठे फडकतोय बघा. मग काच दोन बोटं खाली करा, एका हाताने दाराची कड धरा, दुसऱ्या हाताने हँडल, आणि दार वीतभर उघडून थांबा. वारा किती ओढतोय ते हाताला कळतं, मग पाय बाहेर टाका, पण कड सोडायची नाही. शेजारी बसलेल्याने आपलं दार त्याच वेळी उघडायचं नाही, दोन्ही दारं उघडली की वारा आरपार जातो आणि एक दार हातातून सुटतंच. मुलं असतील तर मागचं सरकतं दार मोठ्यांनीच उघडायचं.

बाकी नियम भराभर सांगतो. गावात ५०, खडीवर ८०, डांबरीवर ९०, कॅमेरे आहेत आणि दंड जबर. हेडलाइट दिवसाही लावलेले हवेत. दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनमधून बाहेर पडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. एकेरी पूल बरेच आहेत, आधी पोचेल तो जातो, समोरचा जवळ असेल तर थांबा, आणि लांब पुलावर मध्ये बाजूला घ्यायला जागा केलेली असते. "मालबिक एन्दार" असा बोर्ड दिसला की डांबर संपतंय, बोर्ड दिसताक्षणी वेग कमी करा, कारण खडीवर गेल्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते आणि भाड्याच्या गाड्या उलटण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. उन्हाळ्यात मेंढ्या मोकळ्या असतात, आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर कोकरू आईकडे पळणारच, थांबा. मेंढी मेली तर शेतकऱ्याला भरपाई द्यावी लागते.

फोटोसाठी रस्त्यात थांबू नका, कडेला पट्टाच नाही, मागून येणारा ९० ने येतोय. पार्किंगचा बोर्ड येईपर्यंत धीर धरा. आणि रस्ता सोडून मातीवर, शेवाळावर गाडी घालणं हा गुन्हा आहे, एक चाक जरी गेलं तरी. तिथलं शेवाळ पायाखाली दबलं तर परत यायला अनेक दशकं लागतात, त्यामुळे चालतानाही वाट सोडू नका.

रात्री कुठे थांबायचं

२०१५ च्या कायद्यानंतर व्हॅन कुठेही लावून झोपता येत नाही. कॅम्पसाईटच हवी, नाहीतर जमीनमालकाची परवानगी. जुन्या व्हिडिओंमध्ये लोक धबधब्यासमोर झोपलेले दिसतात, ते विसरा. प्रत्येक बऱ्यापैकी गावात कॅम्पसाईट असते, बहुतेक ठिकाणी बुकिंग लागत नाही, जाऊन लावायची गाडी आणि मग पैसे भरायचे, कधी ऑफिसात, कधी अ‍ॅपवर, कधी रात्री नऊला एक माणूस मशीन घेऊन दारावर टकटक करतो. माणशी साधारण दोन ते तीन हजार क्रोना धरा. १०० क्रोना म्हणजे ७० रुपयांच्या आसपास, त्यावरून हिशोब करा. जास्त रात्री असतील तर कॅम्पिंग कार्ड मिळतं, पण त्यातल्या कॅम्पसाईट तुमच्या वाटेवर आहेत का ते आधी जुळवा.

कॅम्पसाईट निवडताना मी दोन गोष्टी बघतो, आडोसा आणि स्वयंपाकाची बंदिस्त खोली. बाकी शॉवर वगैरे गौण आहे, कारण आंघोळीला गावातला पोहण्याचा तलाव असतो. भूगर्भातल्या उष्णतेने पाणी तापतं त्यामुळे लहानशा गावातही गरम पाण्याचा तलाव आणि बाहेर गरम कुंडं असतात, गावकरी संध्याकाळी तिथेच गप्पा मारत बसलेले असतात. तिथला नियम आधी माहीत असू द्या, कुंडात उतरण्याआधी कपडे पूर्ण काढून साबणाने आंघोळ करायची, बायका-पुरुषांची सोय वेगवेगळी असते पण आत बहुतेक ठिकाणी आडपडदा नसतो. पाण्यात क्लोरीन फार कमी टाकतात, म्हणून हा नियम इतका कडक आहे. आपल्याला संकोच वाटतो, पण कुणी कुणाकडे बघत नाही, दुसऱ्या दिवशी सवय होते. उत्तरेला होफ्सोसचा तलाव अगदी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठावर आहे, पाण्यात बसून समोर समुद्र, तो चुकवू नका.

रात्री एक काच बोटभर उघडी ठेवा. नाहीतर सकाळी काचांवरून आणि छतावरून श्वासाचं पाणी ठिबकतं आणि पांघरुणं ओली होतात. गॅसची शेगडी उब यावी म्हणून आत पेटवून ठेवायची नाही, कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही.

खाणं, पाणी, इंधन

बाहेर जेवायला खूप महाग आहे, एका साध्या जेवणाला दोन-अडीच हजार रुपये सहज जातात, म्हणून स्वयंपाक करायचाच. बोनुस हे स्वस्त सुपरमार्केट, पिवळ्या बोर्डवर गुलाबी डुक्कर, दुसरं क्रोनान. भारतातून तांदूळ, मूगडाळ, मेतकूट, भाजणी, चटण्या, लोणचं आणि चहाचा मसाला न्या, कच्चं मांस नेता येत नाही. दीड लिटरचा छोटा कुकर नेलात तर गॅस निम्मा लागतो, वाऱ्यात उघड्या पातेल्यात भात शिजायला जीव जातो. मऊ भात, मेतकूट, तूप आणि बाहेर पाऊस, यापेक्षा जास्त काही लागत नाही. स्किर मिळतं, आपल्या चक्क्याच्या अगदी जवळचं, साखर-वेलची घालून श्रीखंड करा, मुलं खूश. शाकाहारी असाल तर काबुली चणे, टोमॅटो, काकड्या मिळतात, हे टोमॅटो तिथल्याच ग्रीनहाउसमधले, भूगर्भाच्या उष्णतेवर पिकवलेले. मांसाहारी असाल तर मटणाचं सूप एकदा तरी प्या.

नळाचं गार पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. गरम नळाला गंधकाचा वास येतो, ते गंधकयुक्त झऱ्यांमुळे, त्यात वाईट काही नाही, पण चहाला गार नळाचंच पाणी घ्या.

बहुतेक पंपांवर माणूस नसतो. मशीनमध्ये कार्ड घालायचं, चार आकडी पिन टाकायचा, रक्कम निवडायची आणि मग नोझल उचलायचा. म्हणून पिन चालतोय याची खात्री घरून करून या. मशीन आधी मोठी रक्कम अडवून ठेवतं, नंतर सोडतं, तेव्हा कार्डवर जागा हवी. टाकी अर्धी झाली की भरायची. एयिल्सस्टादिर ते मीवात्न हा १६० किलोमीटरचा पट्टा जवळजवळ ओसाड आहे, तिथे भरूनच निघा.

पार्किंगचंही बघा. सेल्यालांड्सफॉस, थिंगवेट्लिर, स्काफ्ताफेट्ल अशा बऱ्याच ठिकाणी पैसे लागतात, फाटक नसतं, कॅमेरा नंबर टिपतो. पार्का अ‍ॅपवर गाडीचा नंबर घालून त्याच वेळी भरा, नाहीतर भाड्याची कंपनी दंड आणि वर आपलं शुल्क कार्डवरून कापते. आकुरेरीजवळच्या वाद्लाहेदी बोगद्याचा टोलही असाच ऑनलाइन भरायचा.

आता रस्ता

निघायच्या आदल्या रात्री पुढच्या चार दिवसांचा अंदाज बघा आणि मगच दिशा ठरवा. दक्षिणेला वादळ असेल तर उलटी फेरी मारा. खालचा क्रम दक्षिणेकडून धरलाय.

पहिला दिवस थिंगवेट्लिर, गेसिर, गुलफॉस. थिंगवेट्लिरला इसवी सन ९३० मध्ये लोकसभा भरायला लागली, उघड्यावर, खडकाच्या भिंतीसमोर, आणि तीच भिंत म्हणजे उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांच्या मधल्या भेगेची कड. गेसिरला स्ट्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. पाणी वर यायच्या क्षणभर आधी निळा फुगा येतो, नजर त्या भोकावर ठेवा, मोबाईलवर नको. ओहोळात हात घालू नका, पाणी उकळतं असतं.

मग दक्षिण किनारा. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, रेनकोट आणि पँट दोन्ही वॉटरप्रूफ हवं. स्कोगाफॉसला शिड्या चढून वर जा, बरेच लोक वरूनच परत फिरतात, पण नदीच्या कडेने अर्धा तास पुढे चालत गेलात तर एकामागून एक धबधबे लागतात. विकजवळ रेनिसफ्याराचा काळा किनारा. इथे अगदी हात जोडून सांगतो, पाण्याकडे पाठ करू नका. दहा लाटा लांब थांबतात आणि अकरावी एकदम वर येते, माणसाला ओढून नेते, लोकांचे जीव गेलेत. पार्किंगजवळ दिव्यांचा बोर्ड आहे, लाल असेल तर खाली जायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही.

विक ते योकुलसारलोन १९० किलोमीटर, पण हा दिवस लांब ठेवा. आधी शेवाळाने झाकलेला लाव्हा लागतो, १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखीच्या उद्रेकातून आलेला. त्या उद्रेकाच्या विषारी धुराने जनावरं मेली, दुष्काळ पडला आणि देशातला साधारण पाचवा हिस्सा माणसं गेली. पुढे स्काफ्ताफेट्लच्या अलीकडे रस्त्यालगत जुन्या पुलाचे वाकलेले लोखंडी गर्डर ठेवलेत. १९९६ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला, बर्फ वितळून पूर आला आणि हा पूल गेला. रिंग रोड पूर्ण झाला तोच मुळी १९७४ मध्ये, याच वाळवंटातले पूल बांधल्यावर. गाडी थांबवून त्या गर्डरला हात लावून बघा, केवढं जाड लोखंड वळलंय.

योकुलसारलोनला हिमनगाचे तुकडे तळ्यात तरंगतात, सील असतात, आणि रस्त्यापलीकडच्या काळ्या वाळूवर तेच तुकडे पडलेले असतात. संध्याकाळी उशिरा जा. बर्फावर चढू नका. मुक्काम हॉफ्नला, तिथे लँगोस्टीन, म्हणजे छोटे लॉबस्टर, खायचे.

पूर्वेचे फ्योर्ड लोक घाईत ओलांडतात, मला ते सगळ्यात आवडतात. रस्ता प्रत्येक फ्योर्डच्या आत जाऊन बाहेर येतो, वेळ लागतो, लागू दे. जीपीएस ओक्सी नावाच्या खिंडीतून शॉर्टकट दाखवेल, तो खडीचा आणि तीव्र उताराचा आहे, व्हॅन घालू नका. एयिल्सस्टादिरहून सेयदिसफ्योर्दुर २७ किलोमीटर, वर धुकं नसेल तर जा. स्टुद्लागिलची बेसॉल्ट खांबांची घळ धरणामुळे नदीचं पाणी कमी झाल्यावर उघडी पडली. ऑगस्टअखेर धरण भरून वाहिलं की निळं पाणी गढूळ होतं, म्हणून त्याआधी बघा.

उत्तरेला देत्तिफॉस धबधबा, रस्ता ८६२ घ्या, तो डांबरी आहे, पलीकडचा ८६४ खडीचा. मीवात्नला चिलटांचे ढग असतात, डोक्यावरून घ्यायची जाळी पाचशे रुपयांची, घरून न्या. ह्वेरिरला मातीची कुंडं रटरटत असतात, दोरीच्या आतच राहा. हुसाविकला व्हेल बघायच्या बोटी सुटतात, पहिली सकाळची घ्या, तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो. मग गोदाफॉस धबधबा, मग आकुरेरी, तिथे सिग्नलचे लाल दिवे बदामाच्या आकाराचे आहेत. इथे एक रिकामा दिवस वापरा, कपडे धुवा, तलावात बसा.

आकुरेरीहून रेक्याविक ३९० किलोमीटर, एका दमात मारू नका, मधून स्नायफेल्सनेसला वळा. किर्क्युफेट्ल डोंगर, बुदिरचं काळं चर्च, आर्नारस्टापीची कड्यावरची पायवाट, दोन रात्री सहज जातात. वेळ उरला तर स्टिक्किसहोल्मुरहून फेरीबोटीने वेस्टफ्योर्ड्सला जाता येतं, पण त्याला आणखी चार दिवस हवेत, लाट्राब्यार्गचे पफिन आणि दिन्यांदी धबधबा त्या बाजूला आहेत, काही रस्ते खडीचे. चार दिवस नसतील तर पुढच्या वेळी.

रेक्यानेस भागात २०२३ च्या शेवटापासून अनेकदा लाव्हा बाहेर आलाय, ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं होतं. ब्लू लगून हे गरम पाण्याचं तळं त्याच बाजूला. तिकीट काढण्याआधी सेफट्रॅव्हल बघा, आणि तिकीट रद्द करता येईल असंच घ्या.

परत करताना

शेवटची रात्र केफ्लाविक विमानतळापासून तासाभराच्या आत काढा. उरलेला गॅस, तेल, मीठ, तांदूळ कॅम्पसाईटच्या फुकट शेल्फवर ठेवा, तुम्हीही पहिल्या दिवशी तिथूनच घ्या, बरंच मिळतं. विमानात गॅसची डबी चालत नाही. टाकी भरून पावती ठेवा, मागचा भाग झाडा, भांडी धुवा, नाहीतर सफाईचे पैसे लागतात. परत एक व्हिडिओ काढा आणि गाडी ठीक परत मिळाल्याचं त्यांच्याकडून लिहून घ्या. कार्डवरची अडवलेली रक्कम सुटेपर्यंत दोन्ही व्हिडिओ डिलीट करू नका.